रजेवरच्या रेंजरचं झाड

लांज्याला एसटीतून उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आतल्या गावाची गाडी "आत्ताच गेली," असं चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने मोठ्या समाधानाने सांगितलं. पुढची दोनची होती. ती तीनला आली आणि गावाच्या अलीकडे चार किलोमीटरवर, चढावर, वाफ सोडत थांबली. बाकीचे उतारू न कुरकुरता पिशव्या डोक्यावर घेऊन चालू लागले. शिमग्यासाठी मुंबईहून आलेले चाकरमानी तेवढे बूट जपत कडेने चालत होते. मी त्यांच्यामागे.

मार्च २००५. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कातळ तापला होता, काजूच्या मोहोराचा वास येत होता. ही वाट मी पहिल्यांदा चाललो १९९८ साली, झाडांची स्थानिक नावं गोळा करायला. तेव्हा सोबत आबा होते. या खेपेला ते नव्हते. पौषात गेले, असं दोन ओळींचं पत्र आलं होतं.

आबा वनखात्यात वनरक्षक होते. गावाने त्यांना परस्पर दोन पायऱ्या बढती देऊन रेंजर केलं होतं आणि खात्याला हे कधी कळलं नाही. या भागात सरकारी जंगल औषधापुरतं; बाकीचं रान लोकांच्या मालकीचं. आबा दोन्ही सारखंच राखायचे. अंगावर विटून पिवळा पडलेला खाकी शर्ट, हातात बारा महिने छत्री. ती पावसात मिटलेली असायची, कारण तिचं काम वेली बाजूला सारणं हे होतं. माझ्या यादीतली निम्मी नावं त्यांनी सांगितलेली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांतल्या चुका त्यांनीच काढल्या.

पण मला आठवतात ते शिमग्यातले आबा. इथे होळी म्हणजे लाकडांचा नुसता ढीग नव्हे. रानातून अख्खं आंब्याचं झाड तोडायचं, खांद्यावर नाचवत आणायचं आणि देवळापुढे उभं करायचं. झाड तोडणं कायद्यात बसत नाही आणि होळी न आणणं गावात बसत नाही. आबांनी यावर तोडगा काढला होता. त्या दिवशी ते रीतसर अर्ज करून किरकोळ रजा घ्यायचे, खाकी उतरवून लुंगी नेसायचे आणि म्हणायचे, "सरकार आज रजेवर आहे. मी पाहुणा." मग हा पाहुणाच पुढे होऊन झाड निवडायचा. कोयतीच्या पाठीने बुंध्यावर टकटक करायची, कान लावायचा, मान हलवायची, पुढे चालायचं. तासाभराने एका झाडापाशी थांबून ते सांगायचे, "हे आतून पोकळ. एवीतेवी पावसात पडणार. हे घ्या." गाव ते घ्यायचं. निवृत्त झाल्यावरही दर शिमग्याला ते "आज मी रजेवर," असं जाहीर करायचेच.

गावात शिरताना देवळापुढे मोठा फलक दिसला. 'रेंजरसाहेब स्मृती महाहोळी'. त्यावर मुंबई मंडळाच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो होते. आबा कोपऱ्यात होते, साधारण टपाल तिकिटाएवढे.

मी भागीरथीकाकूंकडे उतरलो. त्यांचं घर रानाच्या पायथ्याशी. आबा एकटेच, पंधरा वर्षं त्यांचं दोन वेळचं जेवण याच घरी होतं. काकूंनी तांब्या पुढे केला आणि दुसऱ्याच वाक्याला मुद्द्यावर आल्या.

"हात-पाय धुवून घ्या. उद्यापास्नं पाणी नसलं तर नसलं."

"का?"

"झऱ्यावरचा आंबा तोडतायत. आबांच्या नावाची होळी म्हणं उंच पायजे."

घरामागे त्या आंब्याच्या मुळांतून झरा निघतो. पोफळीच्या पन्हळीतून (खोड कोरून केलेल्या नळीतून) तो काकूंच्या अंगणात आणि तिथून खालच्या पाच घरांत जातो. झाड सरळसोट, तालुक्यात दुसरं नसेल असं. त्याची सावली गेली की एप्रिलमध्ये झरा आटणार आणि काकूंना हंडा घेऊन नदीवर उतरावं लागणार, हे सांगायला वनस्पतिशास्त्र लागत नव्हतं. काकूंची साठी उलटली होती.

"गावकारांशी बोललात?" गावकार म्हणजे गावातले मानाचे वडीलधारे, इथे धोंडूदादा.

"बोलले. तो म्हनतो, आबा असते तर कायतरी क्येलं असतं. मी म्हटलं, आबा नायत म्हनून तर तुला सांगतंय, मेल्या."

रात्री कुळथाची पिठी आणि भात जेवलो.

सकाळी ढोल वाजला. पन्नासेक पुरुष रानाकडे निघाले. होळी आणायला बायका जात नाहीत. तरी काकू पदर खोचून, कमरेला कोयती लावून सगळ्यांच्या पुढे.

मंडळाचे अध्यक्ष सुरेशभाऊ नव्या पांढऱ्या बुटांत होते. ते म्हणाले, "काकी, तुम्ही कशाला? पुरुषांचं काम हाय ह्ये."

"तू पुढं हो. माज्या दारावरनंच जायचं हाय ना? मग मी काय हितंच असनार."

झऱ्यावरच्या आंब्यापाशी सगळे थांबले. सुरेशभाऊंनी वर पाहिलं, खूश झाले आणि नारळ मागितला. काकूंनी कोयती काढली, उलटी धरली आणि त्या बुंध्यावर टकटक केली. कान लावला. ढोल आपोआप थांबला.

"भरीव हाय," काकू म्हणाल्या. "भरीव झाड आबांनी कदी दिलान नाय."

"अहो पण आबांच्याच नावाची होळी हाय!"

"मग आबांच्याच रीतीनं आनायला नको?"

सुरेशभाऊंनी धोंडूदादांकडे पाहिलं. दादांनी पायांकडे पाहिलं. मग विडी कानामागे खोचत ते सावकाश म्हणाले, "बाय, तू पुढं चल. तू सांगशील त्ये."

पुढचा तास काकूंनी आम्हाला चालवलं. पऱ्या (ओढा) ओलांडला, चढण चढलो, करवंदीच्या जाळीतून गेलो. पांढरे बूट तांबडे झाले. दर दहा-पंधरा झाडांमागे टकटक, कान, नकार. "भरीव." "ह्येबी भरीव." वरच्या बाजूला आंब्याची तीन झाडं एकमेकांना खेटून वाढली होती. मधलं जरा वाकडं. काकू तिथे थांबल्या. यावेळी कान जास्त वेळ लावला.

"ह्ये पोकळ. ह्ये घ्या."

"वाकडं हाय काकी," सुरेशभाऊ म्हणाले. पण ते खाली बसून म्हणाले, त्यामुळे त्यात जोर नव्हता.

नारळ फुटला, कुऱ्हाडी चालल्या. झाड कलंडलं आणि मी बुंध्यापाशी वाकून पाहिलं. सालीपासून गाभ्यापर्यंत झाड भरीव होतं. पोकळी नव्हती, कीड नव्हती, बोट शिरेल एवढी फटही नव्हती. मी काही बोलणार, तेवढ्यात धोंडूदादांनी हिरव्या डहाळ्यांचा भारा ओढून खुंटावर टाकला आणि मला म्हणाले, "पुनेकर, खांदा लावा. उगी बगत काय ऱ्हायलात?"

मी खांदा लावला.

दुपारी होळी उभी राहिली. फलक तिच्यापेक्षा उंच दिसत होता. सुरेशभाऊंनी भाषणात आबांच्या कार्याला उजाळा दिला. तो बराच वेळ चालला.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी काकू पन्हळीखाली कळशी भरत होत्या. मी म्हणालो, "काकू, ते झाड पोकळ नव्हतं."

"नव्हतंच."

"मग चूक झाली की..."

"चूक कसली? आबांचं तरी एकदा पोकळ निघालं व्हतं काय?" त्यांनी कळशी कमरेवर घेतली. "दाटीतलं एक काडायचं, म्हंजे बाजूची दोन वाडतात. पन त्ये सांगायला गेलं की चार वाड्यांचे चार मुकादम. पोकळ म्हटलं की भांडायचं कुनाशी?"

"गावाला माहीत होतं?"

"खुंट काय झाकून ऱ्हातो? तुमालाच तेवडं नारळाचा परसाद घ्यायला पुढं धाडायचं आबा."

हे खरं होतं. आबांबरोबरच्या माझ्या दोन्ही शिमग्यांना झाड पडायच्या वेळी मी देवळात द्रोण धरून भटजींसमोर उभा होतो.

परतीच्या गाडीत लांज्यापर्यंत मी स्वतःवर हसत होतो, आणि पुढे हसू थांबलं तेव्हा आबांची फार आठवण आली. पुण्यात आल्यावर जुना लेख काढून पाहिला. त्यात मी 'आघाताच्या नादावरून खोडाची पोकळी ओळखण्याचं पारंपरिक शास्त्र' यावर दोन पानं लिहिली आहेत. दोन प्राध्यापकांनी ते शास्त्र उचलून धरल्याची पत्रं पाठवली होती. मला फसवायला आबांना फारसे कष्ट पडले नसणार. पुस्तकं वाचलेल्या माणसाला एक चांगला शब्द दिला की तो वाकून खुंट बघत नाही. एवढं गाव मात्र वर्षानुवर्षं तो खुंट बघत होतं आणि त्याच्यावर डहाळ्या टाकून खांदा लावत होतं. त्यांच्या प्रेमाची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

आता हे सगळं मी छापून टाकतो आहे, म्हणून निदान गावाचं नाव या लेखात कुठेही लिहिलेलं नाही. कुणी विचारू नये. पुढच्या शिमग्याला काकू पुन्हा कोयती उलटी धरणार आहेत, आणि उंच झाडावर डोळा असलेलं कुणीतरी तिथे असणारच आहे.