मागच्या काचेतला चौकोन

"फुल क्लिअर!"

हे म्हणताना भाऊ उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून हवेत टिकली लावल्यासारखं करायचे. कॅमेऱ्याचा खोका अजून फोडलेलाही नसायचा, पण त्यातलं चित्र फुल क्लिअर येणार हे ठरलेलं असायचं. गिऱ्हाईकही खूश, भाऊही खूश. चित्र बघायची घाई दोघांनाही नसायची.

नागपूर हायवेवरच्या जाम चौकात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. त्याला लागून भाऊंचं गाड्यांच्या सजावटीचं. सीट कव्हर, हॉर्न, मान डोलावणारा प्लास्टिकचा कुत्रा आणि मुख्य माल म्हणजे काचांना लावायची काळी फिल्म. चौकात त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी त्यांच्याहून वयाने बरीच लहान, तरी ते मला ताई म्हणत. मी चहा मागवला की त्यातला अर्धा त्यांना जायचा, आणि त्यांच्याकडे पोहे आले की अर्धे माझ्याकडे यायचे. असा शेजार.

काळी फिल्म कशासाठी लावतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. "ऊन लागते." सगळ्यांचं कारण एकच. वर्धा जिल्ह्यातलं ऊन काही खोटं नाही, पण हे ऊन काही लोकांना डिसेंबरातही फार लागायचं. तशी फिल्म नियमात बसत नाही, हे ज्यांना सर्वांत चांगलं माहीत असायला हवं, तेच साहेबलोक गाडी घेऊन पहिले उभे. "जरा डार्क टाका, भाऊ." भाऊ पाण्याचा फवारा मारायचे, रबरी पट्टीने बुडबुडे काढायचे आणि मागची काच अशी काळी करायचे की आतला माणूस बाहेरच्यांसाठी संपलाच.

मग गाडीत कॅमेरे लावायची हवा आली. आता त्याच गाडीवाल्यांना मागून कोण येतं, कोण ठोकतं, कोण पाठलाग करतं, सगळं पाहायचं होतं. आपण कुणाला दिसू नये आणि आपल्याला मात्र सगळे दिसावेत, अशी मागणी माणसं पूर्वी देवाकडे करायची. आमच्या चौकात ती भाऊंकडे होऊ लागली. आणि देवापेक्षा भाऊ दिलदार. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही.

"काळ्या काचेतून दिसन का, भाऊ?"

"फुल क्लिअर!"

एकदा मी विचारलं, "भाऊ, तुम्ही स्वतः कधी पाहिलं का हो काय दिसतं ते?"

"पाह्यची काय गरज हाय, ताई? खोक्यावर लिहेल हाय ना."

खोक्यावर खरंच लिहिलेलं होतं. इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत.

प्रमोद हा त्यांच्या गिऱ्हाइकांतला सगळ्यांत साधा. जुनी सात सीटची गाडी, गिरडच्या दर्ग्याला जाणारे भाविक आणायचे-न्यायचे हा धंदा. मागच्या सीटवरच्या बाया उन्हाची तक्रार करायच्या म्हणून त्याने फिल्म लावून घेतली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून एकच स्वस्तातला कॅमेरा. तोही मागे. "समोरचं त मी पाह्यतोच," तो म्हणाला, "मांगचं कोन पाह्यते?" त्याचं म्हणणं मला पटलं होतं. भाऊंनी काचेपासून हातभर आत, छताला कॅमेरा डकवला, हवेत टिकली लावली आणि प्रमोद सलाम करून गेला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, दिवस बुडताना, गिरडहून परत येताना प्रमोदने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. एका आजीला मळमळत होतं. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल गाडीवर आदळली. चालवणारा सतीश, जवळच्याच खेड्यातला, तिशीचा. मांडीचं हाड मोडलं. पंधरा मिनिटांत त्याचा मोठा भाऊ आणि चारपाच जण आले, आणि अपघात झाला तेव्हा त्यातलं कुणीही तिथे नसल्यामुळे सगळ्यांना तो नीट आठवत होता. गाडीवाल्याने न बघता रिव्हर्स घेतली, असं त्यांचं म्हणणं. भाविक नागपूरचे होते. ते दुसऱ्या गाडीत बसून निघून गेले. त्यांचा नंबर घ्यायचं प्रमोदला सुचलं नाही.

"साहेब, माह्या गाडीत कॅमेरा हाय," एवढंच तो पोलिसांना सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या दुकानात आलं, कारण चौकात मोठा पडदा माझाच. हवालदार खुर्चीत, सतीशचा भाऊ दारात, प्रमोद भिंतीला टेकून, आणि आमचे भाऊ माझ्या मागे. मी फाइल उघडली.

पडदा काळा. काळ्यात थोडा करडा. आणि त्या करड्याच्या मधोमध, काचेवर आतून उमटलेलं प्रतिबिंब: मागच्या सीटवर ठेवलेली रेवड्यांची पिशवी. गाडीत दिवा लावलेला होता, त्यामुळे ती मात्र अगदी स्पष्ट. गाठसुद्धा दिसत होती. बाहेरचं काही नाही. थोड्या वेळाने करड्यातून एक पांढरा ठिपका आला, मोठा होत गेला, चित्र हललं, पिशवी कलंडली. संपलं. आवाजाची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हतीच.

ठिपका गाडीवर आला की गाडी ठिपक्यावर गेली? आम्ही सातदा पाहिलं.

"काई दिसून नाई राह्यलं," हवालदार म्हणाले. "ह्या रेवड्यायची साक्ष घेऊ का मी?"

सतीशचा भाऊ हसला. प्रमोदने मान वळवून भाऊंकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत गणित चुकल्यावर पोरगं मास्तरांकडे पाहतं, तसं. आपलंच काही चुकलं असेल का, असं.

त्या दिवशी दुपारीच भाऊंनी शटर ओढलं. प्रमोदवर गुन्हा दाखल झाला, गाडी ठाण्याच्या आवारात बाभळीखाली उभी राहिली आणि प्रमोद एका ढाब्यावर तंदूर सांभाळायला लागला. बायकोला त्याने गाडी दुरुस्तीला टाकल्याचं सांगितलं होतं. तिच्या लक्षात यायला दोनच दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात भाऊ माझ्याकडे आले. "ताई, तुमची स्कुटी चालू हाय ना?"

"काऊन?"

"मले तुमाले मांगून ठोकाचं हाय. म्हंजे, तुमी मले ठोकाचं."

त्यांची स्वतःची एक जुनी व्हॅन होती. तिच्या मागच्या काचेला त्यांनी प्रमोदच्या गाडीसारखीच फिल्म लावली, तसलाच कॅमेरा तशाच जागी डकवला. रोज दिवस बुडायच्या वेळी, दुकानामागच्या मोकळ्या जागेत ती व्हॅन उभी करायची आणि मी हेल्मेट घालून मागून स्कुटीवर तिच्या अंगावर जायचं, हातभर अंतरावर ब्रेक मारायचा. मग दोघांनी माझ्या पडद्यावर बघायचं. पहिल्या दिवशी मी एक ठिपका होते. दुसऱ्या दिवशीही. चौकातल्या लोकांना फुकटची करमणूक झाली. "ताईचं काई खरं नाई," असं पानठेल्यावर ठरलं.

भाऊ मात्र वहीत लिहीत होते. कॅमेरा आत टांगला तर काच आरशासारखी वागते, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी तो थेट काचेला भिडवला. रेवड्यांच्या जागी ठेवलेली बिस्किटांची पिशवी पडद्यावरून गेली, पण मी अजून ठिपकाच. कॅमेऱ्याच्या कडेने थोडी फट राहत होती, तीतून आतला उजेड शिरायचा. तिथे त्यांनी बायकोच्या जुन्या काळ्या मखमली ब्लाउजचा तुकडा गोल कापून लावला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. ब्लाउज कापताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही बाहेरच्या ट्रककडे पाहत राहिले. कॅमेऱ्यात उजेड कमीजास्त करायची खूण होती, ती वाढवून पाहिली. मी धुक्यातून येणाऱ्या भुतासारखी दिसू लागले. प्रगती म्हणायची.

शेवटी राहिली फिल्म. वीस वर्षं जी त्यांनी हाताने लावली, तीच. त्यांनी ब्लेड घेतलं. आधी रुपयाएवढं गोल कापलं. कडा चित्रात यायला लागल्या. मग काडेपेटीएवढं. मग तळहाताएवढा चौकोन, बरोबर कॅमेऱ्यासमोर, आणि काच आतबाहेर धुऊन पुसलेली. त्या संध्याकाळी पडद्यावर एक बाई स्कुटीवरून आली. नंबरप्लेट वाचता येत होती. हेल्मेटचा पट्टा तिने लावलेला नव्हता, हेही दिसलं.

"पट्टा लावत जा, ताई," ते म्हणाले. टिकलीबिकली काही नाही. मग वही मिटून म्हणाले, "एवढंच कराचं होतं. एक चौकोन कापाचा होता. दोन मिन्टाचं काम."

सतीश वर्ध्याच्या दवाखान्यात होता. भाऊ दर रविवारी एसटीने त्याला भेटायला जात होते, हे मला फार उशिरा कळलं.

"कशाला जाता? काय बोलता?"

"काई नाई. बसतो. त्याची माय रडते, तिचं ऐकतो. केळं सोलून देतो."

"विचारलं का त्याला, नेमकं काय झालं ते?"

"मी कोन इचारनारा? मी त पाह्यलं नाई. आन ज्यानं पाह्यचं, त्याच्या डोऱ्यावर मीच पट्टी बांधली."

पाचव्या की सहाव्या रविवारी त्यांनी सोबत मोबाइल नेला. त्यात माझ्या स्कुटीचा तो शेवटचा तुकडा होता. सतीशच्या पलंगाशी बसून त्यांनी तो लावला. पुढचं मला त्यांनीच सांगितलं.

"पाह्य लेका," ते त्याला म्हणाले, "त्या दिवशी असं दिसाले पायजे होतं. माह्या चुकीनं नाई दिसलं. तुहं खरं असन त तुह्या कामाचं होतं, त्याचं खरं असन त त्याच्या. दोघायचंही नुसकान केलं मी. माफ करजो."

सतीशने तो तुकडा पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. गाडी उभी, मागून स्कुटी येते, जवळ येते. तिसऱ्यांदा त्याने मोबाइल पालथा ठेवला.

"भाऊ, गाडी उभीच होती," तो म्हणाला. "माह्या हातात फोन होता. दादा आल्यावर त्यानंच रिव्हर्सचं म्हटलं, मी हो म्हटलं. दादाच्या नवीन मोटारसायकलचा चुराडा केलता ना मी. भेव वाटला."

त्याची माय म्हणे रडायची थांबली आणि केळ्याची सालं गोळा करायला लागली.

भाऊंनी त्याला पोलिसांकडे चल म्हटलं नाही. त्याचा तोच गेला, कुबड्या घेऊन, सुट्टी मिळाल्यावर. मोठा भाऊ त्याच्याशी काही महिने बोलला नाही. कागद हलायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. सरकारी कागदाला माणसाच्या खरेपणाची घाई नसते. पण प्रमोदची गाडी बाभळीखालून निघाली. छतावर शेंगा आणि चिमण्यांचं घरटं होतं. भाऊंनी स्वतः ती धुतली, आवाजही पकडणारा नवा कॅमेरा लावला आणि फिल्ममध्ये चौकोन कापला.

यानंतर भाऊ गिऱ्हाइकांसाठी एक संकटच झाले. कुणी कॅमेरा मागितला की आधी ब्लेड बाहेर यायचं. चौकोनाशिवाय कॅमेरा नाही. "गाडीचा लूक जाते," लोक कळवळायचे. कॅमेरा लावायला एका पुढाऱ्याची पांढरी गाडी आली. चालक चहाला गेला तेवढ्यात भाऊंनी मागच्या काचेत चौकोन पाडलासुद्धा. पुढारी आत झोपलेले होते. त्या चौकोनातून थेट तोंडावर ऊन आलं तेव्हा ते जागे झाले, आणि तालुक्याच्या जनतेला बऱ्याच वर्षांनी ते गाडीत बसलेले दिसले.

"हे काय केलं?"

"साहेब, आता मांगचं दिसन तुमाले."

"मले मांगचं पाह्यचं नाई!"

"थे माहीत हाय, साहेब," भाऊ नम्रपणे म्हणाले.

गिऱ्हाइकी हळूहळू हिंगणघाटकडे सरकली. तिकडे अजून खोका वाचून काम करणारे कारागीर होते. मग जागामालकाने दुकानाची जागा ढाब्याला दिली. भाऊंना यवतमाळची लेक कधीची बोलवतच होती. भाऊंनी हॉर्न विकले, सीट कव्हरं विकली, डोलणारे कुत्रे चौकातल्या पोरांना वाटले. एका सकाळी प्रमोदच गाडी घेऊन त्यांना सोडायला आला. निरोपाचं काही जमलं नाही. एक माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझ्या डोक्यावर उभा होता. भाऊ म्हणाले, "चाल्लो, ताई." मी म्हटलं, "येजा, भाऊ." गाडी निघाली. एवढंच.

परवा प्रमोद दुकानात आला. हातात कार्ड. "ताई, भाऊ गेले," म्हणाला. झोपेतच गेले म्हणे, यवतमाळला, लेकीच्या घरी. मग त्याने कार्ड पुढे केलं. "भाऊले सोडाले गेलो त्या सकाळचं हाय, पुसलं नाई मी. पाह्यजा एकदा."

तो गेल्यावर मी लावलं. चित्र चांगलं आहे. चौक आहे, ट्रक आहेत, माझ्या दुकानाची पाटी आहे आणि पाटीखाली मी. मला वाटलं होतं की मी लगेच आत वळले. नाही. मी रस्त्याच्या कडेपर्यंत आलेली आहे, हातात कुणाचा तरी अर्ज, आणि लहान लहान होत चालले आहे. दाखल्यासाठी आलेला माणूस मागून काहीतरी बोलतोय, माझं लक्ष नाही.

आणि गाडीच्या आतून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, त्यांचा आवाज येतो:

"प्रमोद, हळू घे ना जरा. ताई अजून उभीच हाय."