आधी समोरच्याची बाजू मांडायला लावणारे सर

दिगंबर सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या गावच्या शाळेत झाली, आणि त्या दिवशी मी चिडूनच घरी गेले. सर धाराशिवला विद्यापीठाच्या एम.ए.च्या वर्गाला सार्वजनिक धोरण शिकवतात. म्हणजे सरकारनं लोकांसाठी काय करावं, कसं करावं, ते. दर शनिवारी ते आपला वर्ग एखाद्या गावात नेतात आणि गावकऱ्यांना पोरांशेजारी बसवून चर्चा घेतात. आमच्याकडं आले तेव्हा कळंबहून संध्याकाळी येणारी बस नुकतीच बंद झाली होती. माझी अश्विनी अकरावीला कळंबला जायची. जायला गाडी होती, यायला नव्हती. सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीपतोर गाडी न्हाय आली तर पोरीनं घरी बसायचं."

मी म्हटलं, "सर, अर्ज लिहून द्या, आमी सह्या करतो."

"देऊ की. पण आधी आगारातल्या साहेबांच्या बाजूनं बोला."

हा सरांचा नियमच आहे. ज्याच्याकडं मागायचं त्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं, मगच आपलं मागणं. माझं डोकं फिरलं. "माझी पोरगी घरी बसायची पाळी आलीय, आन मी साहेबाचं गाणं गाऊ व्हय?" सर शांत. सर कधी चिडत नाहीत, हे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सगळे कौतुकानं लिहितील. मला तो गुण लई जड गेला.

शेवटी रागारागानं उभी राहिले आणि साहेब झाले. "ओ बाई, तुमच्या गावाला उतरतात चार पोरी. रिकामी गाडी पळवू व्हय? डिझेल काय तुमच्या हिरीतनं शेंदू? डायवर कुठनं आणू?" इतकं ठणकावलं, की आमच्याच शांताबाई म्हणाल्या, "साहेबाचं बी खरंच हाय की गं!" बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. गाडी मागायला गेलेली मी, गाडी बंद करून खाली बसले. पोरं हसायला लागली.

सरांनी मात्र शांताबाईंना विचारलं, "तुम्ही का बसत नव्हता त्या गाडीत?"

"पाचची गाडी काय कामाची? आमाला कळंबच्या मोंढ्यात धान्य चाळून सुटायला सहा वाजतात. मग जीपला लोंबकळत येतो."

म्हणजे मागायची ती सहाची गाडी. पोरींनी तासभर कॉलेजात अभ्यास करावा, बाया आल्या की सगळ्यांनी मिळून यावं. एवढं ठरल्यावर तरी थांबावं? नाही. सर पुरोगामी म्हणून नावाजलेले, आणि पुरोगामी माणसं पुढं जातात असं ऐकलं होतं. हे एकाच मुद्द्यावर शनिवारमागून शनिवार बसले. दिवाळी तोंडावर आली. मी फोनवर सुनावलं, "तुमची चर्चा संपेपतोर माझी पोरगी नांदायला जाईल!"

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. ओसरीवर सासऱ्यांजवळ बसले आणि चक्क सासऱ्यांचीच बाजू बोलू लागले. अंधार पडतो, जीपवाला फाट्यावरच सोडतो, तिथून पोर एकटी चालत येते, घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. मी आत भाकरी थापताना दातओठ खात होते. हा माणूस आमचा का त्यांचा? सरांचं बोलून झालं. मग सासरे म्हणाले, "मास्तर, म्हंजी भ्याव वाटतंय मला, आन घरात कोंडायची पोर. असंच झालं की!" त्या संध्याकाळपासून ते बॅटरी घेऊन फाट्यावर थांबू लागले. अश्विनीचं कॉलेज सुटलं नाही.

गाडी संक्रांतीनंतर सुरू झाली. आम्ही आगारात जाऊन साहेबांच्या सगळ्या अडचणी आधीच सांगितल्या, तेव्हा ते म्हणाले, "मग मला बोलायला ठेवलं काय तुम्ही?"

आता सरांना साठ वर्षं पूर्ण होताहेत. शाल मिळेल, हार पडतील. सरांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांचे पाय धड राहोत, गावोगावचे शनिवार चालू राहोत. मी हे मनापासून लिहिते आहे. फक्त एवढ्यात त्यांनी आमच्या घरी येऊ नये. अश्विनीला बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचंय. सासरे जा म्हणतात, नको म्हणतेय ती मी. सर आले तर ओसरीवर बसून माझीच बाजू मांडतील, आणि मग पोरगी गेलीच समजा.