न चुकणारा हात

सकाळी चहा ठेवला होता, तेवढ्यात कळसाडीहून माझ्या भावजयीचा, सुनंदाचा फोन आला. "ताई, ह्या उठी नही ऱ्हायनात..." आवाजात रडणंही नव्हतं. पुरुषोत्तमनगरहून मी पोहोचेपर्यंत माझ्या धाकट्या भावाला, जगनला ओट्यावर आणून ठेवलं होतं. त्याला आता दीड महिना होईल.

जगन बेसबॉल खेळायचा, तोही जपानमध्ये, पगारावर. शाळेत सॉफ्टबॉल, मग राज्याचा संघ, मग एका निवड चाचणीत जपानी प्रशिक्षकाला त्याचा हात आवडला. फलंदाजाकडे चेंडू फेकायचा, एवढंच त्याचं काम. आई गावभर सांगायची, "मन्हा पोऱ्या दगड मारानी नोकरी करस."

तिसऱ्या वर्षी त्याचा चेंडू एका फलंदाजाच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. सगळे म्हणाले, चेंडू हातातून निसटला. इस्पितळात जगन त्याच्यापुढे वाकून उभा राहिला, तेव्हा त्या माणसानेच याच्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या महिन्यात जगन करार सोडून गावी आला, केळी लावू लागला. पण पुन्हा त्याने काहीच फेकलं नाही. पाखरं उठवायला साधं ढेकूळही नाही.

मग एकदा मी माहेरी असताना पिसाळलेला कुत्रा अंगणात शिरला. आई गहू निवडत बसलेली. आम्ही नुसत्या ओरडलो. जगन पार गोठ्यापाशी होता. त्याने विटेचा तुकडा उचलून फेकला आणि कुत्रा आईच्या पायाशी कोसळला. लोक जमले, त्याची पाठ थोपटू लागले. तो मात्र भिंतीशी बसून स्वतःच्या हाताकडे पाहत होता. मी पाणी नेलं तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, मन्हा हात चुकस नही. त्या दिनबी चुकना नव्हता."

मला समजायला वेळ लागला. मग तोच तुटक तुटक सांगू लागला. त्या फलंदाजाने याचे दोन चेंडू मैदानाबाहेर मारले होते, वर हसला होता. राग आला... "आनि त्यानी माले माफ करं," एवढं बोलून तो उठला.

तो असेपर्यंत मी हे कुणाजवळ बोलले नाही. आज सुनंदाला विचारून लिहिते आहे.

परवा मी कळसाडीला होते, तेव्हा पिंजारी दारावर आला. जगनची गादी उसवून कापूस पिंजून घ्यावा म्हणून मी ती खाली ओढली. उजव्या अंगाला लांबट खळगा पडलेला, आतला कापूस दगडासारखा. "हात आंगखाले दाबीसन झोपेत," सुनंदा म्हणाली, "लगीन व्हयनं तवपासून."

तिने पिंजाऱ्याला परत पाठवलं. आम्ही दोघींनी गादी उचलून पुन्हा खाटेवर टाकली... खळगा होता तिकडेच.