भाजलेल्या मातीची बाटली

आज प्रयोगशाळेचं कपाट आवरताना एक बाटली उघडली आणि धुराचा वास आला.

नव्वदच्या दशकात साखरशेत गावच्या आमच्या वावरातल्या मातीतल्या एका जंतूने नवं औषधी द्रव्य दिलं होतं. त्याची रचना अर्धी उलगडली, तेवढ्यात द्रव्य संपलं आणि प्रयोगशाळेत वाढवलेला जंतूही मेला. पुन्हा माती हवी असं कळवून मी घरी गेले, तर बाबांनी ती चुलीवर भाजून, चाळून ठेवलेली.

"बाबा, भाजली कशाला? सगळे जंतू मेले!"

"पोरी, पालापाचोळा जाळून राब भाजल्याबिगर आपण भात पेरतो का? तुला मुंबईला किडकी माती देऊ?"

मला हसू फुटलं. ती भाजलेली मातीही मी बाटलीत भरून आणली. नंतर वावरातून कितीदा माती नेली, पण तो जंतू सापडला नाही. रचना अर्धीच राहिली.

आता बाबा नाहीत. या मातीत काही उगवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी झाकण घट्ट लावलं, वास उडू नये म्हणून.