दुमानला हात लावायचा नाही

सेफेरने भिरकावलेली बाही भिंतीवरून पलीकडे, थेट मेंढवाड्यात जाऊन पडली. बाही कसली, त्याच्या मेव्हण्याच्या जुन्या नमद्याच्या झग्यापासून उसवून निघालेली लोकरीची नळी. तिचं एक टोक सेफेरच्या हातात, दुसरं दुमानच्या तोंडात, आणि मग दोघांनी दम लागेपर्यंत ओढाओढ करायची, हा त्यांचा रोजचा खेळ. दुमान म्हणजे तुर्कीत धूर. राखी अंगाचं, काळ्या तोंडाचं पिल्लू. पावलं बशीएवढी झाली होती, अक्कल अजून चमच्याएवढी होती. बाही भिंतीपलीकडे गेलेली बघून त्याने भिंतीवरून उडी घेतली. आत बाही कुठे दिसेना, पण लोकरीचं काहीतरी नाकासमोर हलत होतं. ते त्याने धरलं आणि सेफेरने शिकवलं होतं तसं चारी पाय रोवून ओढलं.

ते एका कोकराचं शेपूट होतं.

सिवासच्या पठारावरच्या मेंढ्यांचं शेपूट म्हणजे नुसतं शेपूट नव्हे, मागे बांधलेली चरबीची उशीच. ती फाटली की रक्त काही थोडंथोडकं येत नाही. कोकराच्या ओरडण्याने सगळा कळप एका कोपऱ्यात दाटला. सेफेर भिंतीपाशी उभा राहून "सोड! सोड!" म्हणत होता आणि दुमान त्याच्याकडे बघून शेपटी हलवत होता. खेळात तो "सोड" म्हणाला की जास्त जोरात ओढायचं असतं, हेही सेफेरनेच शिकवलेलं.

आतून त्याची थोरली बहीण येतेर आली. धावली नाही, ओरडली नाही. तिने पिल्लाच्या जबड्यात अंगठा घालून कोकरू सोडवलं, चुलीतली राख आणून जखमेवर दाबली आणि पोती शिवायच्या दोऱ्याने शेपूट शिवलं. शिवून झाल्यावर हात धुतले. भावाला एक शब्द बोलली नाही. सेफेरला वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

येतेर म्हणजे 'पुरे'. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा बापाने देवाला ऐकू जावं म्हणून तिचं नाव ते ठेवलं. देवाने ऐकलं, पाठोपाठ सेफेर झाला. बापाने मुलाला शाळा दिली आणि मुलीला मेंढ्या दिल्या. शाळेतून सेफेर बसच्या स्टिअरिंगपर्यंत पोचला आणि पुढे आयुष्यभर सिवास ते अंकारा आणि अंकारा ते सिवास करत राहिला. येतेर मेंढ्यांच्या मागून चालत राहिली. लग्न होऊन शेजारच्या अकदेरे गावात आली तेव्हा नवऱ्याच्या घरीही मेंढ्याच होत्या. तिला काही बदलल्यासारखं वाटलं नाही, असं ती सांगायची. नवरा गेला, मुलगी अंकाऱ्याला चौथ्या मजल्यावर राहायला गेली, तरी येतेरचा दिवस मेंढवाड्याच्या फाटकापासूनच सुरू व्हायचा.

सेफेरची बायको वारली आणि नोकरीही संपली, तेव्हा तो थोडे दिवस म्हणून अक्काकडे आला आणि राहिला. मुलगा जर्मनीत, फोन करायचा. अक्का बोलायची कमी आणि बोलली तरी मेंढ्यांशीच. एक दुमान मात्र सेफेरला बघितलं की नाकापासून शेपटीपर्यंत हलत धावत यायचा. आयुष्यभर लोक सेफेरकडे धावत आले ते बस सुटू नये म्हणून. त्याच्यासाठी धावत येणारं हे पहिलंच.

कोकरू गावच्या मुख्ताराचं, म्हणजे गावप्रमुख अबिदिनचं होतं. अकदेरेत मेंढ्या पाळीपाळीने चारतात, त्या दिवशी पाळी येतेरची होती. अबिदिन आला तो बंदूक घेऊनच.

"येतेरवहिनी, रक्त लागलं त्याच्या तोंडाला."

"दिसतंय मला. माझे डोळे काही फुटलेले नाहीत."

"मग मी बोलायला नको. आजवर ज्या ज्या कुत्र्याने..."

"कोकरू मेलं का?"

"मेलं नाही, पण..."

"मग कुत्रं का मारतोस? आधी माझ्या भावाला मार. खेळ त्याने शिकवला."

अबिदिनने सेफेरकडे पाहिलं. तो क्षणभर खरंच विचार करतोय असं सेफेरला वाटलं, आणि तो उगीचच चहाचं विचारायला आत गेला.

चहा घेऊन बाहेर आला तेव्हा बोलणं मुद्द्यावर आलं होतं. उन्हाळ्यात गावच्या सगळ्या मेंढ्या एकत्र वरच्या कुरणावर जातात. ज्याच्या मेंढ्या, त्याचं राखणीचं कुत्रं सोबत हवं, हा तिथला रिवाज. येतेरची म्हातारी कुत्री गुमुश हिवाळ्यात गेली. तिच्या शेवटच्या वेतातलं हे एक पिल्लू राहिलं होतं. तेही गोळीला गेलं, तर येतेरच्या मेंढ्या खालीच राहणार. खाली उन्हाळ्यात गवत नाही. म्हणजे मेंढ्या विकायच्या आणि अंकाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर जाऊन गॅलरीतून खाली बघत बसायचं.

"वर निघायच्या दिवसापर्यंत थांब," येतेर म्हणाली. "त्या दिवशी तुझ्यासमोर मोकळा सोडीन. एका मेंढीला दात लावला तर तिथेच घाल गोळी. मी तोंड फिरवणार नाही."

अबिदिनने चहा संपवला. "बंदूक आणतो मी त्या दिवशी," एवढंच म्हणाला.

येतेरने दुमानच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं. पळायला गेला की ते गुडघ्यांवर आपटायचं. मग तिने त्याला तरण्या मेंढ्यांतून काढून म्हाताऱ्या मेंढ्यांत टाकलं. त्यात एक होती, तिला सगळे 'सासू' म्हणत. ती कुणालाच जवळ उभं राहू देत नसे, कुत्र्याला तर नाहीच. दुमान लोकरीकडे तोंड लांबवायचा अवकाश, सासू डोकं खाली घालून त्याला भिंतीपर्यंत ढकलत न्यायची. जवाच्या पिठाची ताकातली आंबीलही त्याला मेंढवाड्यातच मिळायची, मेंढ्यांचं खाऊन झाल्यावर, आणि तो खाली बसला तरच.

कोकरं उड्या मारायला लागली की दुमानचे कान पुढे यायचे. तेवढ्यात येतेर घशातून एक खर्जातला आवाज काढायची. पिल्लू उताणं होऊन पोट दाखवायचं. ती लगेच वळून आपल्या कामाला लागायची.

"दोन ठेवून दे की, लवकर शिकेल," सेफेर एकदा म्हणाला.

"मारलं तर मला घाबरेल. मला घाबरून काय उपयोग? लांडगा मी नसताना येतो."

सेफेरने फाटकाची कडी उगाच काढली, लावली. मग म्हणाला, "माझ्यामुळे झालं. मी गावातून जातो, अक्का. मी नसलो की..."

"जायचं नाही. तुझ्या मागे शिकला आणि तू आल्यावर विसरला, तर काय करू? रोज आत यायचं. हेच कपडे घालून. तो येईल. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात खिशात."

"बघायचंसुद्धा नाही?"

"जागा नसताना बसमध्ये चढलेल्या माणसाकडे बघायचास?"

"नाही."

"तसं."

पहिल्या दिवशी सेफेर आत गेला. लोढणं गुडघ्यांवर आपटत दुमान धावत आला आणि त्याच्या पायांवर पुढचे पाय टाकून उभा राहिला. सेफेरने भिंतीकडे पाहिलं. भिंतीत एक काळा दगड होता, त्याच्याकडे बघत राहिला. पिल्लाने त्याच्या खिशाला नाक लावलं, बोटं चाटायला बघितली, मग एक बारीकसा आवाज काढला. सेफेर बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. अक्काने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ते ती सगळ्यांच्याच बाबतीत करायची.

पुढे पुढे दुमान धावत येईनासा झाला. चालत यायचा. नंतर उठायचा आणि उभाच राहायचा. एके सकाळी सेफेर आत आला तेव्हा तो सासूच्या पाठीला पाठ लावून झोपला होता. सासू रवंथ करत होती. दुमानने एक डोळा उघडला, सेफेर आहे असं बघितलं, आणि मिटला.

"अक्का!" सेफेर हळूच म्हणाला. "उठलासुद्धा नाही गं."

"छान," येतेर म्हणाली.

सेफेरने त्या दिवशी भाकरी पुरी खाल्ली नाही.

वर निघायच्या सकाळी येतेरने फाटकापाशी सगळ्यांदेखत लोढणं काढलं आणि दुमानच्या गळ्यात गुमुशचा, लांडग्याला गळा धरता येऊ नये म्हणून केलेला खिळ्यांचा पट्टा बांधला. तो अजून थोडा सैल होत होता. अबिदिन बंदूक खांद्याला अडकवून कळपाच्या मागे चालत होता. सेफेर गाढवाचा कासरा धरून चालला होता, पण त्याचं लक्ष गाढवाकडे नव्हतं आणि हे गाढवाला कळलं होतं.

चढणीवर ओढ्यापाशी अबिदिनचीच एक उशिरा गाभण राहिलेली मेंढी मागे पडली आणि आडवी झाली. कळप पुढे गेला. दुमान थांबला. कळपाकडे पाहिलं, मेंढीकडे पाहिलं, आणि मागे आला.

कोकरू बाहेर आलं. ओलं, रक्ताने माखलेलं. उठायला गेलं, पडलं, पुन्हा उठलं आणि धडपडत कुत्र्याच्या पुढच्या पायांवर येऊन कोसळलं. अबिदिनने बंदूक हातात घेतली. येतेर उभी होती तिथेच उभी राहिली. बोलल्याप्रमाणे तिने तोंड फिरवलं नाही, फक्त डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात धरलं. सेफेरचे हात खिशात होते. हाक मारली तर आजही येईल, असं त्याला वाटलं. मारली नाही.

दुमानने कोकरू हुंगलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश हुंगलं. मग त्याच्याखालून पाय अलगद काढून घेतले, दोन पावलं सरला आणि खाली बसला. पाठ कोकराकडे, तोंड डोंगराकडे. मेंढी उठली आणि त्याच्या पाठीमागे कोकराला चाटत राहिली.

मग अबिदिनने बंदूक पुन्हा खांद्याला अडकवली, कोकरू झग्यात घेतलं आणि म्हणाला, "चला, ऊन चढतंय."

येतेरने दातातलं रुमालाचं टोक सोडलं. ते पार चावलेलं होतं.

पुढे वाट अरुंद होती. दुमान मागून आला आणि सेफेरच्या मांडीला घासून पुढे निघून गेला. वर पाहिलं नाही, थांबला नाही. सेफेरने भिंतीतल्या त्या काळ्या दगडाकडे पाहावं, अगदी तसा. सेफेरचा हात खिशातून अर्धा बाहेर आला होता, तो त्याने परत आत घातला. मग त्याला आठवलं, गुमुश त्या घरात म्हातारी झाली, पण अक्काने तिच्या अंगावरून हात फिरवलेला त्याने कधी बघितला नव्हता. त्यालाच काय, गावात कुणालाच ते आठवत नसावं.

"अक्का," तो म्हणाला, "गुमुशला इतकी वर्षं सांभाळलीस. एकदा तरी कुरवाळलीस का गं?"

येतेर पुढे बघत चालत राहिली.

"मेली तेव्हा."