शनिवारचा फराळ

आमच्या महिला मंडळाची रीत साधी आहे. महिन्यातून एका दुपारी बाहेरची कोणी पाहुणी बोलवायची, तासभर तिचं ऐकायचं आणि मग ज्या बाईच्या घरी बैठक असेल तिच्याकडे फराळ करायचा. भाषणापेक्षा फराळ जास्त दिवस लक्षात राहतो, हे पाहुणीला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. पाळी घरोघर फिरते. माझ्या घरापाशी आली की मात्र तिला ठेच लागायची. कधी सोयाबीनची सोंगणी निघायची, कधी कोणाची तेरवी, आणि पाळी माझं दार ओलांडून पुढच्या घरी जायची.

मी निवृत्त शिक्षिका. या बायकांपैकी बऱ्याच जणींच्या पोरांना मी बाराखडी शिकवली आहे. आमचं घर बौद्ध. गावात आता तसलं काही राहिलं नाही, असं जो तो सांगतो; सांगताना माझ्याकडे तेवढं बघत नाही. मागच्या हिवाळ्यात मी भर बैठकीत उठून म्हणाले की यावेळी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. अध्यक्षीणबाईंनी मान हलवली. मग त्यांचा निरोप आला, की नेहमीच्या बुधवारऐवजी शनिवारी ठेवू, पाहुणीला शनिवारच जमतो.

शनिवार ऐकला आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे कोणी तोंडावर ‘तुमच्या घरचं खात नाही’ म्हणत नाही. ‘आज माहा उपास हाय’ म्हणतात. नोकरीत असताना मधल्या सुट्टीत मी हे वाक्य इतकं ऐकलं, की या मुलखाइतकी देवभोळी माणसं जगात कुठे नसतील असं वाटावं. सोमवारी डबा पुढे केला तर उपास, गुरुवारी लाडू वाटले तर उपास. शनिवार तर मारुतीचाच.

तरी सूनबाईनं हौसेनं आलुबोंडे आणि कढी करायचं ठरवलं. केनवडच्या बाजारातून आलू आणले, नव्या चादरी अंथरल्या. शनिवारी दुपारी बायका आल्या, सगळ्या आल्या. माझी शेजारीणही आली, अगदी भिंतीला भिंत लागून असलेली. तिच्या फोडणीत कढीपत्ता माझ्या झाडाचा असतो, तिच्या घरी कोणाला ताप आला तर पहिली हाक मला असते. मी तिच्याकडे कितीदा तरी जेवले आहे. तिनं माझ्याकडे कधी घोटभर चहाही घेतला नव्हता, आणि मी कधी आग्रह केला नव्हता. आग्रह केला असता तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पाहुणी वाशीमची, आहारातली जाणकार, वयानं लहान. बायकांच्या अंगात रक्त का कमी असतं यावर ती बोलली. पोरंबाळं जेवली की उरलंसुरलं खाऊ नका, ऊठसूट उपास करू नका, असं तिनं कळकळीनं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं अर्धं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे होतं. त्याला कोणी हात लावला नाही. अध्यक्षीणबाईंनी घरून बाटली आणली होती. आजकाल सगळेच बाटली बाळगतात, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती.

टाळ्या झाल्या. सूनबाईनं प्लेटा आणल्या. अध्यक्षीणबाईंनी दोन्ही हात जोडले.

“माहा शनवार हाय, बाई.”

मग ओळीनं सगळ्यांचा शनिवार निघाला. एकीला पाच मिनिटांपूर्वी माहीत नव्हता, तिलाही आठवला. प्लेट शेजारणीपाशी पोचली. ती चादरीकडे बघत म्हणाली, “माहाही.” बाकीच्यांचं मला फार लागलं नाही, तिचं लागलं. पाहुणी एकटीच खात होती, आणि आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं.

आत सूनबाईचे डोळे भरून आले होते. मी तिला कढई ठेवायला सांगितलं. ताकही फुंकून पिणारी बाई मी. सकाळीच साबुदाणा भिजत घातला होता, शेंगदाण्याचा कूट करून ठेवला होता. साबुदाण्याची उसळ मोकळी झाली. ती घेऊन मी बाहेर आले आणि प्रत्येकीपुढे एकेक प्लेट ठेवली. मागोमाग सूनबाई आलुबोंड्यांचं ताट घेऊन दारात उभी राहिली.

“उपासाची उसळ हाय,” मी म्हणाले. “मीठ सैंधव टाकलं. बिनघोर खा.”

कोणी हलेना. कोणी घड्याळाकडे बघितलं, कोणी पदर सारखा केला. अध्यक्षीणबाईंचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. साबुदाणा आपल्याला पचत नाही, असं काहीसं त्या पुटपुटू लागल्या. मी त्यांच्यासमोरून हटले नाही. आता या घरातून उपाशी जायचं तर खरं कारण सांगून जा, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात शेजारणीनं आपली उसळीची प्लेट बाजूला सारली. मला वाटलं, ही उठून चालली. ती उठली, सूनबाईच्या हातातल्या ताटापाशी गेली आणि तिनं आलुबोंडा उचलला.

“माहा उपास-गिपास काई नाही,” ती म्हणाली. “मी खोटं बोलली.”

तिनं तो उभ्यानंच खाल्ला. घाईत ठसका लागला, तशी आमचाच तांब्या उचलून पाणी प्यायली. अध्यक्षीणबाईंनी खाली मान घालून उसळीचा एक चमचा घेतला, मग दुसरा. त्यांचं पाहून आणखी काहीजणी खाऊ लागल्या. दोघी-तिघी म्हशीचं निमित्त सांगून निघून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकी वर्षं, एका भिंतीपलीकडे, आणि आज हिला खरं बोलावंसं वाटलं, याचा मला संताप आला होता. मी सूनबाईच्या हातातलं ताट घेतलं आणि तशीच उभी राहिले. पाहुण्याचा हात रिकामा झाला की न विचारता वाढायचं असतं. मी वाढलं नाही, घे म्हटलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला सगळं कळलं असावं.

“अजून एक दे,” ती म्हणाली. “आन् कढी केली ना? मंग ते काहून लपवून ठेवली?”

कढी आणायला म्हणून मी आत गेले, आणि ओट्याला धरून रडत राहिले. बाहेर ती परत कढी मागत होती.