उताराचा शेकडा

विलायतेत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या सालची ही गोष्ट. अमरावतीच्या शाळेत मास्तरकीची एक जागा निघाली आणि परीक्षेला आम्ही दोघंच बसलो. मी गावातल्या भिक्षुकाचा मुलगा. तो दर्यापूरकडचा कुणबी. त्याच्या घरी हातानं फिरवायच्या रेच्यावर कापसातली सरकी काढत. तीन मण कापसात रुई एक, सरकी दोन, हे प्रमाण त्याच्या हातातच होतं. मी पाटीवर त्रैराशिक मांडेपर्यंत तो उत्तर सांगून मोकळा व्हायचा आणि वर म्हणायचा, "भटा, पाटी झिजन तुही." मी हसायचो. मनातून जळायचो.

शेकडेवारी मात्र त्याला नवी होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "भाव शेकडा पंचवीस चढला, मंग शेकडा पंचवीस उतरला. उताराचा शेकडा कशावर धराचा? पयल्या भावावर का चढेल भावावर?"

अगदी नेमकी जागा त्यानं धरली होती. त्या साली भाव इतका वरखाली होई की हे गणित येणारच, हे मला ठाऊक होतं.

"पहिल्या भावावरच," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला आलेल्या शाळाखात्याच्या डिप्टींनी तेच घातलं. मूळ भाव ऐंशी. तो ताडकन म्हणाला, "पुन्हा ऐंशीच."

डिप्टी हसले. "कापूस पिकवता ना तुम्ही? विकायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवत जा." मग माझ्याकडे वळले.

"पंचाहत्तर," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डिप्टींपाशी मात्र माझं नाव काढलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, "तुले मालूम होतं."

"नाही रे, तिथंच सुचलं."

"सुचते बाप्पा एखाद्याले." त्यानं फडक्यातली भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. त्याच्या हातची भाकर मी लपून कितीदा तरी खाल्ली होती. त्या दिवशी मी त्याला सोवळं सांगितलं. भाकर तशीच फडक्यात बांधून तो निघून गेला.

जागा मला मिळाली. तो पुन्हा रेच्यावर बसला.

वीस वर्षं मी शाळेत हेच गणित घालतो आहे. दरसाल एखादं पोर विचारतंच, "मास्तर, उतार कशावर धराचा?" मी त्याला बरोबर सांगतो. पण आधी छडी मारतो.